तेल कुठे जातंय ते बघा: हायड्रॉलिक आणि न्यूमॅटिकच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

मेंटेनन्समध्ये नवीन मुलगा आला की मी त्याला पावरपॅकजवळ (तेलाची टाकी, मोटार आणि पंप यांचा संच) उभा करतो आणि विचारतो, "हा पंप काय करतो?" आयटीआयचा असो की डिप्लोमाचा, बहुतेकांचं उत्तर एकच असतं. "प्रेशर तयार करतो, सर."

पंप प्रेशर तयार करत नाही. तो फक्त तेल ढकलतो. प्रेशर तयार होतं ते त्या तेलाला कोणी अडवलं की. अंगणात झाडांना पाणी घालताना नळीच्या तोंडावर अंगठा ठेवून बघा. मोटार तीच, नळी तीच, पण अंगठा दाबला की नळी फुगते. हायड्रॉलिकमध्ये, म्हणजे दाबाखालच्या तेलाने चालणाऱ्या कामात, अंगठ्याच्या जागी लोड असतो. लोड नसेल तर पंप कितीही चांगला असला तरी गेजचा काटा शून्याजवळच बसून राहणार, आणि त्यात पंपाची काही चूक नाही. हे ज्याला कळलं त्याचं निम्मं फॉल्ट शोधणं सोपं होतं. पुढचं सगळं एका मशीनवर समजावून सांगतो, कारण तुकड्या-तुकड्यांनी शिकलेलं डोक्यात राहत नाही.

आमचा नमुना मशीन

बुश (भोकात दाबून बसवायची धातूची नळी) बसवायचा साधा प्रेस घ्या. भोसरी-चाकणपासून कोल्हापूरच्या शिरोलीपर्यंत कुठल्याही शेडमध्ये असा एखादा सापडेल. वर १०० मिमी बोअरचा (म्हणजे आतल्या व्यासाचा) हायड्रॉलिक सिलिंडर, त्याचा दांडा ५६ मिमी. खाली जॉब पकडायला ५० मिमी बोअरचे दोन न्यूमॅटिक, म्हणजे हवेवर चालणारे, क्लॅम्प. वरचं काम तेलाने आणि खालचं हवेने का? हिशोब केला की उत्तर आपोआप मिळतं.

शॉपवर प्रेशर 'किलो'मध्ये बोलतात. "दीडशे किलो लाव" म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला १५० किलो. गेजवर बार लिहिलं असेल तर १ बार म्हणजे १.०२ किलो, कामापुरतं एकच समजा. पीएसआय असेल तर १ बारला साडेचौदा.

१०० मिमी बोअरचं क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेंटिमीटर. गुणिले १५०. झाले ११,७७५ किलो, म्हणजे पावणेबारा टन. पास्कलने सतराव्या शतकात सांगितलेलं तत्त्व हेच: बंद द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, त्यामुळे क्षेत्रफळ वाढवा, जोर वाढेल. जोसेफ ब्रामाने १७९५ मध्ये इंग्लंडमध्ये हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं ते याच जोरावर.

आता खालचा क्लॅम्प. ५० मिमी बोअर, क्षेत्रफळ १९.६. शॉपमधली हवा साधारण ६ किलोची. जोर आला ११८ किलो. जॉब धरायला पुरेसा. हाच पावणेबारा टन जोर हवेने काढायचा म्हटलं तर सिलिंडरचा बोअर ५०० मिमी लागेल, तेलाच्या बॅरलच्या जवळपास जाणारा! म्हणून जिथे टनात काम आहे तिथे तेल, आणि जिथे झटपट, हलकं, स्वच्छ काम आहे तिथे हवा.

दुसरा फरक दाबल्यावर कळतो. तेल जवळजवळ दबत नाही, हवा स्प्रिंगसारखी दबते. न्यूमॅटिक सिलिंडरला अर्ध्या स्ट्रोकवर अचूक थांबवायचा प्रयत्न करा, तो लोडप्रमाणे पुढे-मागे डुलत राहील. शिवाय वापरून झालेली हवा सायलेन्सरमधून सोडून देता येते. तेल मात्र टाकीत परत न्यावंच लागतं, त्यामुळे हायड्रॉलिकला रिटर्न लाइनचा संसार कायमचा मागे लागतो.

बोट ठेवून तेलाच्या मागे जा

मशीन बंद असताना टाकीपासून सुरुवात करा आणि प्रत्येक पाइपवर बोट ठेवत पुढे जा. टाकीतून सक्शन स्ट्रेनर, तिथून पंप. आमच्या प्रेसवर गिअर पंप आहे, मिनिटाला २० लिटर देणारा. पंपातून बाहेर पडल्यावर पहिला टी-जोड रिलीफ व्हॉल्व्हकडे जातो (प्रेशर ठरलेल्या आकड्यापुढे गेलं की तेल टाकीत सोडणारा), दुसरी वाट डीसी व्हॉल्व्हकडे, म्हणजे तेलाची दिशा बदलणाऱ्या व्हॉल्व्हकडे. डीसी व्हॉल्व्हवर चार तोंडं असतात: पी म्हणजे पंपाकडून, टी म्हणजे टाकीकडे, ए आणि बी सिलिंडरच्या दोन टोकांना. आत एक स्पूल सरकतो. एका बाजूची कॉइल (वीज दिली की स्पूल सरकवणारं चुंबक) लागली की पीचं तेल एला जातं आणि बीचं टाकीत, रॅम (सिलिंडरचा दांडा) खाली. दुसरी लागली की उलट, रॅम वर. दोन्ही कॉइल बंद असल्या की स्प्रिंग स्पूलला मध्ये आणते.

मधल्या स्थितीत काय होतं हे विचारायला विसरू नका. आमच्या व्हॉल्व्हमध्ये मध्ये पी आणि टी जोडलेले आहेत, म्हणून मशीन उभं असताना तेल फुकट फिरत राहतं आणि गेज जवळजवळ शून्य दाखवतं. नवीन मुलगा तेवढ्यात धावत येतो, "सर, प्रेशर नाही!" त्या वेळी प्रेशर नसणंच बरोबर आहे. दुसऱ्या प्रकारच्या व्हॉल्व्हमध्ये मध्ये चारही तोंडं बंद असतात. तो इथे बसवला तर पंपाचं तेल जाणार कुठे? रिलीफवरून, पूर्ण प्रेशरने, दिवसभर.

हे ड्रॉइंगवर दोन सेकंदांत दिसतं. चिन्हात जितके चौकोन, तितकी स्पूलची स्थानं. एका चौकोनाला जितकी तोंडं, तितके पोर्ट. म्हणून चार तोंडं-तीन चौकोन म्हणजे 'फोर-थ्री' व्हॉल्व्ह. सर्किट ड्रॉइंग पाठ करू नका. खडू घेऊन मशीनशेजारच्या फरशीवर स्वतः काढा, चुकलं तर पुसा.

वेगाचा हिशोब आता सोपा आहे. २० लिटर म्हणजे २०,००० घन सेंटिमीटर, भागिले ७८.५, म्हणजे मिनिटाला २५५ सेंटिमीटर, सेकंदाला सव्वाचार. वर येताना दांड्याने जागा व्यापलेली असते, उरलेलं क्षेत्रफळ ५४ च्या आसपास, म्हणून तेवढ्याच तेलात रॅम सेकंदाला सहा सेंटिमीटरने वर जातो. जोर मात्र वर येताना कमी. रॅम हळू झाला तर प्रेशर वाढवून उपयोग नाही. वेग तेलाच्या लिटरवर चालतो, जोर किलोवर. ही गल्लत मी पंधरा-पंधरा वर्षं काम केलेल्या फिटरनाही करताना पाहिलं आहे.

मोटारचा अंदाज: बार गुणिले लिटर, भागिले ६००, उत्तर किलोवॅटमध्ये. १५० गुणिले २० भागिले ६०० म्हणजे ५. पंपाचा तोटा धरला तर सहाच्या जवळ, म्हणून साडेसात किलोवॅटची, म्हणजे दहा एचपीची मोटार.

रिलीफ व्हॉल्व्ह

याच्यावर थोडं जास्त बोलतो, कारण सगळ्यात जास्त छळ याचाच होतो. काम दीडशेला होत असेल तर रिलीफ साधारण १६५ ला असावा. बुश घट्ट आला, बसेना, की ऑपरेटर पाना घेऊन स्क्रू आत फिरवतो. दोन दिवसांनी तिसऱ्याच जागची होज फुटते आणि सगळे होजवाल्याला शिव्या देतात.

सेटिंगची पद्धत अशी. मोटार चालू करण्याआधी स्क्रू बराच सैल करा. मोटार चालू करा. रॅम स्ट्रोकच्या टोकाला नेऊन कॉइल चालू ठेवा, म्हणजे तेलाला वाट उरणार नाही. मग गेजकडे बघत स्क्रू हळूहळू आत. हवा तो आकडा आला की चेकनट लावा आणि कॉइल सोडा. फार वेळ तसं धरून ठेवू नका. रिलीफवरून जाणारं तेल कुठलंही काम करत नाही, त्यामुळे सगळी शक्ती उष्णतेत जाते. पाच किलोवॅट म्हणजे टाकीत घरचे अडीच गीझर सोडल्यासारखं.

आणखी एक गोष्ट उभ्या रॅमची. स्पूल आणि त्याच्या बोअरमध्ये बारीक फट असतेच, तिथून तेल झिरपतं. जड टूल लावलेला रॅम बंद मशीनवर मिलिमीटर-मिलिमीटरने खाली येतो. म्हणून तिथे पायलट चेक व्हॉल्व्ह लावतात, इशाऱ्याचं प्रेशर मिळाल्याशिवाय तेल परत न सोडणारा. तो नसेल तर 'डीसी व्हॉल्व्ह बंद आहे ना' एवढ्यावर विसंबून टूलखाली हात घालू नका.

हवेची बाजू, म्हणजे पाण्याची बाजू

कंप्रेसर, रिसीव्हर टाकी, ड्रायर, मुख्य लाइन, मशीनवर एफआरएल (फिल्टर, दाब ठरवणारा रेग्युलेटर आणि हवेत तेल मिसळणारा ल्युब्रिकेटर), मग कॉइलने चालणारा सॉलेनॉइड व्हॉल्व्ह, मग सिलिंडर. हवेच्या बाजूला शत्रू एकच, पाणी. पावसाळ्यात ३० अंशांची दमट हवा, ८० टक्के आर्द्रता धरा. अशा ८ घनमीटर हवेत १९० ग्रॅमच्या पुढे पाण्याची वाफ असते. कंप्रेसरने ती ७ बारला दाबून एका घनमीटरात आणली आणि परत ३० अंशांना थंड झाली की त्या एका घनमीटरात वाफ मावते फक्त ३० ग्रॅम. उरलेलं दीडशे ग्रॅमहून जास्त पाणी थेंबाथेंबाने लाइनमध्ये. जुलैत रिसीव्हरचा ड्रेन कॉक उघडल्यावर जे पिवळसर पाणी भसाभसा येतं, ते कुठूनही शिरलेलं नसतं. आपणच हवा पिळून काढलेलं असतं.

म्हणून रोज सकाळी रिसीव्हर ड्रेन. मुख्य लाइनला थोडा उतार, टोकाला ड्रेन. मशीनसाठी टॅपिंग पाइपच्या वरच्या अंगाने काढून वळवून खाली आणायचं, खालून काढलं तर पाणी सरळ मशीनमध्ये येतं. एफआरएलची वाटी भरत आली की पाणी सोडा, फिल्टरच्या पट्टीपर्यंत चढू देऊ नका. रेग्युलेटरची मूठ वर ओढून फिरवा, आकडा आला की खाली दाबा, तिथेच लॉक होते. ल्युब्रिकेटरबद्दल: आजकालचे बरेचसे सिलिंडर आणि व्हॉल्व्ह ग्रीस भरूनच येतात, त्यांना तेल लागत नाही. पण एकदा तेल द्यायला सुरुवात केली की ते कारखान्यातलं ग्रीस धुऊन जातं, मग तेल कायम द्यावं लागतं. दोन्हींपैकी एक ठरवा.

आमच्या क्लॅम्पवर 'फाइव्ह-टू' व्हॉल्व्ह आहे. एक तोंड हवा येण्याचं, दोन सिलिंडरकडे, दोन बाहेर सोडण्याचे. इथे एक प्रश्न डिझाइन करणाऱ्याला आधीच पडायला हवा: लाइट गेली तर क्लॅम्प सुटेल का? एका कॉइलचा, स्प्रिंगने परतणारा व्हॉल्व्ह असेल तर वीज गेल्याबरोबर तो मूळ जागी जातो. त्यात क्लॅम्प उघडत असेल तर जॉब उडाला. म्हणून आम्ही दोन कॉइलचा वापरतो, वीज गेली तरी तो होता तिथेच राहतो. हवाच गेली तर त्याने भागत नाही, त्यासाठी क्लॅम्पच्या लाइनमध्ये एनआरव्ही (हवा एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह) पाहिजे.

सिलिंडर धाडकन आपटत असेल तर फ्लो कंट्रोल लावा आणि तो बाहेर पडणाऱ्या हवेवर लावा. आत जाणारी हवा आवळली की सिलिंडर धक्के देत चालतो. बाहेरची आवळली की पुढे हवेची उशी राहते आणि चाल गुळगुळीत होते.

गळतीकडे कोणी बघत नाही, कारण फरशीवर डाग पडत नाही. ७ बारच्या लाइनला ३ मिमीचं एक भोक म्हणजे सेकंदाला १० लिटरच्या घरात हवा, आणि ती भरून काढायला कंप्रेसरला साडेतीन किलोवॅटच्या आसपास वीज. तीन पाळ्यांचा हिशोब केलात तर दिवसाला ऐंशीच्या घरात युनिट. सुट्टीच्या दिवशी मशीन बंद, कंप्रेसर चालू ठेवून शॉपभर एक फेरी मारा. साबणाचं पाणी बरोबर घ्या. कानाने सापडत नाही ते फेसाने सापडतं.

शॉपबाहेर हेच दिसतं

ट्रॅक्टरची ट्रॉली उलटवणारा जॅक एका बाजूनेच तेल घेतो, खाली येतो तो ट्रॉलीच्या वजनाने. ट्रक-बसला हवेचे ब्रेक. त्यातल्या पार्किंग ब्रेकमध्ये गंमत उलटी आहे: ब्रेक लावतं स्प्रिंग, आणि हवा तो सोडवून धरते. हवा संपली तर गाडी थांबलेलीच राहावी म्हणून. सकाळी पहिल्या फेरीआधी ड्रायव्हर इंजिन चालू करून गेज भरायची वाट बघतो ते यासाठी. विदर्भ-खानदेशातल्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये १७० किलोची गाठ दाबतो तो हायड्रॉलिक प्रेसच.

मला सगळ्यात आवडतो तो साखर कारखान्यातला मिल रोलर. ऊस कधी जास्त येतो, कधी कमी. वरच्या रोलरवर हायड्रॉलिक दाब असतो. जाड थर आला की रोलर उचलला जातो, तेल ॲक्युम्युलेटरमध्ये (दाबाखाली तेल साठवणारी बाटली) शिरतं, तिथल्या फुग्यातला नायट्रोजन दबतो. थर पातळ झाला की तोच नायट्रोजन तेल परत ढकलतो आणि रोलर खाली. वायू दबतो ही जी आपण वर तक्रार केली, तीच इथे कामाला लावली आहे.

पाना हातात घेण्याआधी

मोटार बंद केली म्हणजे प्रेशर गेलं असं नाही. रॅम खाली टेकवा किंवा लाकडी ठोकळा, स्टँड लावा. मुख्य स्विचला आपलं कुलूप, किल्ली आपल्या खिशात. डीसी व्हॉल्व्ह दोन्ही बाजूंना हलवून अडकलेलं प्रेशर सोडा. ॲक्युम्युलेटर असेल तर त्यातलं तेल टाकीत सोडल्याशिवाय नट सैल करायचा नाही. त्यात नायट्रोजनच भरायचा, ऑक्सिजन कधीही नाही, तेलाबरोबर स्फोट होतो. हवेच्या मशीनला शटऑफ बंद करून उरलेली हवा सोडा, गेज शून्य बघा. वर उचललेल्या ट्रॉलीखाली टेकू न लावता जाऊ नका, "एक मिनिटाचं काम" असलं तरी.

बारीक गळती हाताने चाचपू नका. दीडशे बारला सुईएवढ्या भोकातून येणारं तेल कातडीतून आत शिरतं. जखम दिसते टाचणी टोचल्यासारखी, दुखतही फार नाही, आणि माणूस हळद लावून कामाला लागतो. काही तासांत हात सुजतो आणि बोट किंवा हात काढण्याची वेळ येऊ शकते. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून गळती शोधा. कोणाला लागलंच तर ताबडतोब हॉस्पिटल, आणि डॉक्टरांना 'जास्त प्रेशरचं तेल आत गेलं आहे' असं स्पष्ट सांगा.

आणि हवेने कपडे झटकायचे नाहीत. मस्करीत एकमेकांच्या अंगावर हवा मारल्याने आतडी फाटून माणसं गेली आहेत. आमच्याकडे असं कोणी करताना दिसलं तर त्याच दिवशी घरी पाठवतो.

सुरू करताना, आणि अडल्यावर

नवीन किंवा बऱ्याच दिवसांनी चालू होणाऱ्या पावरपॅकवर: तेलाची पातळी सिलिंडर आत घेतलेले असताना बघा, नाहीतर नंतर टाकी ओसंडते. सक्शनचा कॉक उघडा आहे ना ते हाताने तपासा. मोटार क्षणभर फिरवून दिशा बघा, पंपावरचा बाण आणि पंखा जुळायला हवेत. रिलीफ सैल. मग चालू करून बिनलोडवर रॅम आठ-दहा वेळा वर-खाली, म्हणजे लाइनमधली हवा निघेल. तेल आमच्या हवामानात बहुधा ६८ नंबरचं, थंड शेडमध्ये ४६, पण मशीनच्या प्लेटवर लिहिलेलं शेवटचं. टाकीच्या भिंतीला तळहात दोन-तीन सेकंदांहून जास्त टिकत नसेल तर तेल साठ अंशांच्या आसपास पोचलं, कारण शोधा.

तेल बघायला शिका. दुधाळ म्हणजे पाणी शिरलं. फेस म्हणजे सक्शनकडून हवा ओढतोय, किंवा पातळी कमी. पंपात खडे पडल्यासारखा आवाज म्हणजे त्याला तेल पुरत नाही, स्ट्रेनर चोंदला असेल.

माझी एक चूक सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला एका शेडमध्ये प्रेस प्रेशर घेईना. मी पंप गेला असं ठरवून टाकलं. नवीन पंप मागवला, बसवला, सगळी पाळी गेली, आणि गेज तसंच. मग एका जुन्या फिटरकाकांनी रिलीफच्या बाहेर जाणाऱ्या पाइपला नुसता हात लावला. गरम. तेल तिथून जात होतं. रिलीफ उघडला तर पॉपेटखाली (आतलं तोंड बंद करणारा तुकडा) टेफ्लॉन टेपचा एक धागा. मीच आठवड्यापूर्वी नट बांधताना टेप अगदी तोंडापासून गुंडाळली होती. टेप पहिले दोन आटे सोडून लावायची. आतले भाग कॉटन वेस्टने पुसायचे नाहीत, त्याचेही असेच धागे सुटतात.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. कॉइल लागते का? व्हॉल्व्हच्या टोकाची पिन स्क्रूड्रायव्हरने दाबून बघा, पण आधी रॅमखाली कोणी नाही ना ते पाहून. पिनने रॅम चालला तर भांडण वायरिंगशी, हायड्रॉलिकशी नाही. पिनने प्रेशरही येत नसेल तर रिलीफचा पाइप हाताळा. गार असेल तर पुढे सिलिंडरचं सील. रॅम खाली टोकाला नेऊन, प्रेशर सोडून, दांड्याच्या बाजूची होज उघडा, मशीनकडच्या सुट्या टोकाला प्लग मारा आणि कमी प्रेशरवर रॅमला खालीच दाबा, आपण बाजूला उभं राहून. सिलिंडरच्या उघड्या तोंडातून तेल सतत येत राहिलं तर पिस्टनचं सील गेलं. हे सगळं ठीक निघाल्यावर पंपाकडे वळा.

हवेच्या सिलिंडरची तक्रार बहुधा 'हळू झाला' एवढीच असते, आणि लगेच सील किट मागवलं जातं. त्याआधी व्हॉल्व्हचा सायलेन्सर काढून एकदा चालवून बघा, फक्त चेहरा बाजूला ठेवा. सिलिंडर पहिल्यासारखा धावला तर सायलेन्सर तेल-धुळीने बुजला आहे. धुऊन, वाळवून परत बसवा.